मोठ्या सरांचा हात

गुऱ्हाळं पेटली की कोल्हापुरात हवेलाच गोडी चढते. सकाळी खिडकी उघडावी तर काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास थेट अंथरुणापर्यंत येतो. बाहेरगावची माणसं त्या वासाने हरखून जातात, खोल श्वास घेतात, पहिल्याच दिवशी काकवीची बाटली विकत घेतात. मला मात्र त्या वासात दुसराच वास मिसळलेला येतो, अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा, आणि माझं डोकं उठतं. कारण गुऱ्हाळांचा हंगाम तोच आमच्या चित्रकला महाविद्यालयाच्या प्रदर्शनाचा आणि स्नेहसंमेलनाचा हंगाम. काम दोन्हीकडे एकच चालायचं. आला तो रस उकळायचा, मळी काढायची आणि एकसारख्या ढेपा पाडायच्या.

यंदाही कार्ड आलं आहे. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात सरस्वती, सरस्वतीच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. तो ठिपका पाहिला आणि कार्ड कुठून आलं ते पाकिटावरचं नाव न वाचताच कळलं. कार्डाबरोबर एक पत्रक आहे, 'विद्यार्थी कल्याण सप्ताहा'चं. आरोग्य तपासणी, मार्गदर्शन शिबिर, गरजूंना साहित्यवाटप, समारोपाला मान्यवरांचे विचार. सप्ताह संपल्यावर उरलेलं वर्ष विद्यार्थ्यांनी काय करायचं ते पत्रकात नाही.

आमच्या वेळी विद्यार्थी कल्याण म्हणजे जिन्याखालचं एक कपाट होतं. त्यात गरिबांच्या मुलांसाठी रंग, ब्रश आणि कॅनव्हास ठेवले आहेत अशी वदंता होती. वदंता म्हणतो, कारण ते कपाट उघडं पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. किल्ली हेडक्लार्ककडे असायची आणि हेडक्लार्क गगनबावड्याचे. मागायला गेलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "किल्ली गावाकडं ऱ्हायली की रं." पावसाळ्यात तिकडच्या पावसाने वाट बंद, म्हणून किल्ली यायची नाही. हिवाळ्यात ती कशामुळे अडकते ते विचारण्याची आमची छाती नव्हती. पुढे कपाटाला वाळवी लागली तेव्हा ते कुलपासकट उचलून बाहेर नेलं, आणि नेणारे शिपाई म्हणाले की लई हलकं हाय.

कल्याणाचा दुसरा प्रकार म्हणजे नेत्रतपासणी. चित्रकाराचे डोळे शाबूत असावेत हा विचार कुणाला तरी सुचला होता, त्याबद्दल त्या अज्ञात माणसाला नमस्कार. दर हिवाळ्यात एक डॉक्टर यायचे, भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचे आणि आम्ही रांगेने एकेक डोळा झाकून क, प, र, ट असं ओरडायचो. मागच्यांना तक्ता ऐकूनच पाठ झालेला असायचा. सगळे पास. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रंग दिसतात का, हा प्रश्न ना डॉक्टरांना सुचला, ना आमच्या मास्तरांना.

आणि बापू मगदूमला रंग दिसत नव्हते. बापू सीमेकडच्या गावातला, आईला अव्वा म्हणणारा, घरची उसाची शेती असलेला भला पोरगा. त्याला हिरवी मिरची आणि पिकली मिरची यांतला फरक चावल्यावर कळायचा. ट्यूबवरची लेबलं वाचून तो रंग लावायचा. पाण्याने लेबलं सुटली तेव्हा त्याने रंकाळ्याकाठची अख्खी झाडी विटकरी केली आणि वर मला विचारलं, "हिरवळ बरी जमलीया न्हवं?" असा हा विद्यार्थी वर्षानुवर्षं निसर्गचित्रात पहिल्या वर्गात पास होत होता. कसा, ते सांगायचं तर मोठ्या सरांच्या हाताबद्दल सांगावं लागेल.

मोठे सर म्हणजे आमचे प्राचार्य. गळाबंद कोट, वर फेटा, तोंडात पान. ते जुन्या दरबारी तालमीत तयार झालेले होते. सरदार-जहागीरदारांची चित्रं काढणाऱ्या गुरूकडे त्यांनी उमेदवारी केली होती, आणि तिथे एकच गोष्ट घोटून घेतली होती: चित्रातल्या माणसाला देवीचे व्रण नसतात, तो तिरळा नसतो, त्याचं पोट सुटलेलं नसतं आणि तो कधीही दमलेला नसतो. "देवाच्या हातून चुका होतात," सर म्हणायचे, "त्या दुरुस्त करायला आपल्या हातात ब्रश दिलाय." हे वाक्य आम्ही वहीत उतरून घेतलं होतं. मी तर त्याखाली लाल रेघ मारली होती. एवढा मूर्खपणा इतक्या सुंदर अक्षरात मी पुन्हा कधी लिहिला नाही.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात सरांची फेरी निघायची. आम्ही आपापल्या चित्राशेजारी उभे, दवाखान्यात खाटेशेजारी नातेवाईक उभे असतात तसे. सर पुढे, मागे रंगांची पाटी धरलेला शिपाई. सर थांबायचे, डोळे किलकिले करायचे, मागे हात करायचे, शिपाई त्या हातात ब्रश द्यायचा. मग नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका, डोळ्यांत एकेक ठिपका, हनुवटीखाली निळसर उजेडाचा एक फराटा. नाक बसकं असेल तर सरळ व्हायचं, सावळं कातडं उजळायचं. निसर्गचित्र असेल तर झाडांवर हिरवाई आणि तळ्यात आभाळ. बापूच्या रंग चुकलेल्या झाडीला सरांनी दर वर्षी नव्याने पालवी फोडली. नवशिक्याला हिरवा कळत नाही, असं त्यांना वाटायचं. बापूला तो दिसतच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण विद्यार्थ्याने काय काढलंय ते ते बघतच नसत. आपला ब्रश कुठे टेकवायचा आहे तेवढंच त्यांना दिसायचं.

याला आमच्यात 'हात लागणं' म्हणायचे. "लागला का रं हात?" "लागला." की लगेच पाठीवर थापा. ज्याच्या चित्राला हात लागला त्याने सगळ्यांना मिसळ घालायची असा रिवाज होता, कारण हात लागला म्हणजे बक्षीस आलंच. हात न लागलेली पोरं कोपऱ्यात रडायची. प्रदर्शनात मग भिंतीभर चेहरे लागायचे, सगळे एकाच आईची लेकरं असल्यासारखे, सगळ्यांच्या नाकावर तोच ठिपका. पाहुणे म्हणायचे, "काय शिस्त आहे हो तुमच्या कॉलेजात!" आणि सर लाजायचे.

माझ्या चित्रालाही हात लागला होता. मी आईला काढलं होतं. आई जोतिबाच्या पायथ्याच्या गावातली, नाकाने बसकी, रंगाने काळीसावळी, चेहऱ्यावर हिरवट गोंदण. चुलीसमोर बसवून काढली तर सारखी हलत होती, भाकरी करपतीया म्हणत होती. सर चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, "हे काय? डाग पडलाय काय?"

"गोंदण आहे सर."

"गावंढळ दिसतं." दोन फटक्यांत गोंदण गेलं. नाक सरळ झालं. आई गव्हाळ झाली. मी आनंदाने वेडा होऊन वर्गाला मिसळ घातली, मला दुसरं बक्षीस मिळालं, आणि आईने चित्र पाहिल्यावर तोंडाला पदर लावून विचारलं, "लई झ्याक काढलंयस. पर ही बाई कुणाच्या घरची रं?" आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली.

हे सगळं सांगतोय ते त्याच्या पुढच्या वर्षी जे झालं त्यासाठी. त्या वर्षीचा हंगाम माझ्या डोक्यात अजून तसाच उभा आहे. थंडी कडक होती, कॅनव्हासवर रंग लवकर वाळत नव्हता, आणि कॉलेजात कुणीच चित्र काढत नव्हतं. सगळे प्रदर्शनाच्या 'तयारी'त होते. प्रमुख पाहुणे म्हणून एका साखर कारखान्याचे चेअरमन येणार होते. मग काय, चित्रकला महाविद्यालयाच्या फाटकावर उसाची कमान हवी. शिल्पकला विभागातली पोरं आणि मी मिळून दोन दिवस ऊस बांधत बसलो. पहिल्या दिवशी बांधलेली अर्धी कमान गल्लीतल्या म्हशींनी खाल्ली. माझ्या मते त्या प्रदर्शनातली ती सगळ्यात प्रामाणिक दाद होती.

त्या वर्षी आमच्या वर्गात जैबून शिकलगार होती. हडकुळी, कमी बोलणारी, दोन वेण्या घट्ट घातलेली. तिचे वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. बाजाराच्या कडेला त्यांचं छपराचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, कारण आमच्या रंगाच्या सुऱ्या ते घासून द्यायचे. तरुणपणी धारेच्या चाकावरून पोलादाची कपची उडाली आणि त्यांचा उजवा डोळा गेला होता. गेला म्हणजे जागेवर होता, पण बुबुळावर पांढरा पडदा आणि पापणी खाली ओढलेली. चाचा दिवसरात्र काळा चष्मा लावायचे. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून, असं सांगायचे.

जैबूनने त्या वर्षी चाचांना काढलं. काळ्या चष्म्याशिवाय.

ते चित्र तिने दिवाळीच्या सुमारासच पुरं केलं होतं, दर रविवारी दुकानात बसून. वर्गात आणून ठेवलं तेव्हा आम्ही भोवती गोळा झालो. चाकापुढे बसलेला माणूस, बनियनवर लोखंडाची धूळ, डावा डोळा सरळ आपल्याकडे बघतोय आणि उजवा त्या पांढऱ्या पडद्यामागून. दयाबिया काही नव्हती त्यात. भीतीपण नव्हती. बाप होता, बस्स. आम्ही जन्मात असं काही काढलं नव्हतं आणि पुढेही काढणार नव्हतो, हे मला तेव्हाच कळलं आणि मी मनातून चडफडलो.

कॅन्टीनमध्ये तिने मला सांगितलं, "अब्बा कुणाच्या फोटोत बसत न्हाईत. ईदला सुद्धा कडंला सरकत्यात. मी लई मागं लागल्यावर म्हनले, हाय तसा काढणार असशील तर बसतो. उगं काय भर घालायची न्हाय. तसं जमणार नसंल तर ऱ्हाऊ दे, माझं चाक बरं. मी शब्द दिलाय."

म्हणून सरांची फेरी तिच्यापाशी आली, सर थांबले, डोळे किलकिले झाले, हात मागे गेला, तेव्हा जैबून म्हणाली, "सर, ह्याला हात लावू नका."

शिपायाचा ब्रश हवेतच राहिला. असं वाक्य त्या इमारतीत कधी कुणी उच्चारलंच नव्हतं.

"का गं?" सर हसून म्हणाले. "मी लावला तर बिघडेल?"

"न्हाय सर. बिघडणार न्हाय. दुसऱ्या कुणाचं तरी हुईल."

वर्ग फिदीफिदी हसला. आमचा वर्ग कशालाही हसायचा, तेवढी एक कला त्याला येत होती. सर पुढे सरकले आणि पुढच्या चित्रातल्या म्हातारीला तरुण करायला लागले. "गेली हिची लाइन," माझ्या शेजारचा पुटपुटला. त्या वर्षीच्या सुवर्णपदकाच्या जोरावर मुंबईला पुढे शिकायला जायचं असं तिने ठरवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीही ते विसरली नव्हती. तरी म्हणाली.

आता सरांबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, चित्र नुसतं भिंतीवरून काढून टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण सर प्रेमळ होते. पोरगी गरिबाची, हात चांगला, बापाच्या व्यंगापायी पदक जाईल, असं त्यांना मनापासून वाटलं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मुली फाटकात चेअरमनसाहेबांच्या नावाची रांगोळी घालत होत्या, आम्ही म्हशींपासून ऊस राखत होतो, आणि सरांनी हॉलमध्ये एकट्याने उभं राहून जैबूनच्या बापाला उजवा डोळा दिला. मग हॉलला कुलूप लागलं. ते दुसऱ्या दिवशी फीत कापल्यावरच उघडायचं, अशी प्रथा.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब आले. स्वागतगीत झालं. स्वागतगीतात त्यांच्या कारखान्याचा ऊस आणि आमची कला यांचं यमक जुळवलं होतं, ते कुणी जुळवलं ते आठवत नाही आणि आठवलं तरी सांगणार नाही, घराण्याची अब्रू जाईल. पालक मंडळी दाराशी उभी होती. त्यांत चाचा होते. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, दाढी नीट कापलेली. आणि चष्मा नव्हता.

जैबून धावत गेली. "अब्बा, चष्मा इसरला?"

"इसरतोय कशाला?" चाचांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "हितं हाय. पर आत सगळ्यांसमोर मी उघडाच हाय की. मग भाईर झाकून काय उपेग?"

बाया त्यांच्याकडे बघून नजर वळवत होत्या. एका पोराला त्याच्या आईने मागे ओढलं. चाचा मान ताठ ठेवून उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भर गर्दीत, उजेडात, असे उभे राहिले असतील. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

फीत कापली गेली आणि सगळे आत घुसले. चेअरमनसाहेब पुढे, सर शेजारी, आम्ही मागे. साहेब प्रत्येक चित्रापुढे "वा वा" म्हणत होते. बापूच्या तळ्यापुढे त्यांनी दोनदा "वा वा" म्हटलं. मग ते जैबूनच्या चित्रापुढे आले आणि थबकले.

"आयला! काय डोळं काढल्यात! बोलत्यात की हो डोळं!"

मी पाहिलं. दोन डोळे होते. दोन्ही टपोरे, दोन्ही काळेभोर, दोन्हींत एकेक पांढरा ठिपका. नाकावर एक ठिपका, हनुवटीखाली निळा उजेड. चाकापुढे बसलेला कुणी एक राजबिंडा माणूस आपल्याकडे बघून प्रसन्न हसतोय असं ते झालं होतं. त्याच्या बनियनवरची धूळ तेवढी अजून जैबूनची होती.

जैबून माझ्या शेजारी उभी होती. 

"कुणाचं म्हणायचं चित्र हे?" साहेबांनी विचारलं.

"या मुलीच्या वडिलांचं. अहो, आलेत की ते!" सर उत्साहाने म्हणाले, आणि त्यांनी हात धरून चाचांना पुढे आणलं. कौतुकानेच आणलं. आपण काय करतोय हे त्या माणसाला त्या क्षणीसुद्धा कळलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

साहेबांनी चित्राकडे पाहिलं, मग चाचांकडे. पुन्हा चित्राकडे. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मागच्या गर्दीतही तेच झालं, माना इकडे वळल्या, तिकडे वळल्या. आपण कसे असायला हवे होतो ते भिंतीवर लागलंय आणि आपण कसे आहोत ते लोक त्याला जुळवून बघताहेत, अशा जागी चाचा उभे होते. त्यांनी चित्र नीट पाहिलं. लेकीकडे पाहिलं नाही. खिशातून चष्मा काढला, दोन्ही काड्या सावकाश उघडल्या आणि लावला.

मी पुष्कळ शोकान्त नाटकं पाहिली आहेत, तिसऱ्या अंकात ऊर बडवणारी. त्या चष्म्यापुढे ती सगळी मला पोरखेळ वाटतात.

जैबून गर्दीतून मागे गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. ती पडद्यामागे गेली होती, जिथे आमची सामानाची खोकी ढकलून ठेवलेली होती. परत आली तेव्हा एका हातात टर्पेंटाइनची बाटली आणि दुसऱ्यात चिंधी. तिचं चित्र दिवाळीपासून वाळत होतं, अगदी कडकडीत. सरांचा रंग कालचा, त्या थंडीत अजून लोण्यासारखा ओला. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण ते तिलाच सुचलं. तिने चिंधी भिजवली आणि चेअरमनसाहेबांच्या नाकासमोर बापाच्या उजव्या डोळ्यावरून फिरवली.

"अगं! अगं! अगं काय करतेस!" सर ओरडले. "अगं चित्र खराब झालं!"

काळा रंग चिंधीत आला. पांढरा ठिपका आला. तिने चिंधी उलटी केली आणि पुन्हा हलक्या हाताने पुसलं, बाळाचं तोंड पुसावं तसं. खालून पांढरा पडदा वर आला. ओढलेली पापणी आली. मग तिने नाकावरचा ठिपका पुसला आणि शेवटी हनुवटीखालचा निळा उजेड. हॉलमध्ये टर्पेंटाइनचा वास पसरला, तोच तो वास.

चाचा चष्म्याआडून बघत होते. सगळं पुसून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि तिच्या हातात दिला. मग चेअरमनसाहेबांना म्हणाले, "पावणं, आता बघा. आता मीच हाय."

साहेबांना कुठे बघावं कळेना. ते बुटांकडे बघू लागले.  चाचा सरांसमोर आले आणि अदबीने म्हणाले, "सर, तुमचा हात लई नामी हाय. पर त्यो दुसऱ्या कुणावर फिरवा."

दुसऱ्या कुणावर फिरवायला त्या हॉलमध्ये आम्ही होतोच.

त्यानंतरचं सगळं आमच्या कॉलेजच्या लौकिकाला साजेसंच झालं. जैबूनचं चित्र 'तांत्रिक दोषामुळे' दुपारीच उतरवलं. खिळा तेवढा राहिला. सुवर्णपदक बापू मगदूमला मिळालं, आणि चेअरमनसाहेबांनी भाषणात सांगितलं की हिरव्या रंगाची अशी जाण शेतकऱ्याच्या पोरालाच असते. बापू पदक गळ्यात घालून खाली आला आणि माझ्या कानाशी लागला, "कंचं हिरवं म्हंत्यात रं?" संध्याकाळी स्नेहसंमेलनात फिशपाँड वाचले गेले. फिशपाँड म्हणजे तोंड लपवून चिठ्ठीतून दुसऱ्याची टिंगल करायची, हा आमच्या बुद्धीचा कळस. त्यात जैबूनच्या नावाने एक होता: फुकट मिळालेला डोळा परत करणारी दानशूर. सभागृह हसून लोळलं. जैबून आलीच नव्हती. ज्याने ते लिहिलं तो पुढे कलासमीक्षक झाला.

जैबून मुंबईला गेली नाही. पदक नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. सीमेकडच्या एका शाळेत चित्रकलेची बाई झाली. ते चित्र चाचांनी दुकानात चाकाच्या वर टांगलं आणि तिथून पुढे काळा चष्मा कधी लावला नाही. गिऱ्हाईक बिचकलं तर वर बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "पोरीनं काढलंय." मी सुऱ्या घासायला जायचो तेव्हा बघत बसायचो. आता दुकान नाही, चाचाही नाहीत. चित्र तिच्याकडे आहे.

मी गुळाच्या पेठेत लेबलं आणि कॅलेंडरं रंगवून पोट भरतो. माझ्या सगळ्या लक्ष्म्यांच्या नाकावर पांढरा ठिपका असतो. गिऱ्हाइकाला तो आवडतो आणि माझा हात तो आपोआप टेकवतो. हॉलला आता मोठ्या सरांचं नाव दिलंय, कार्डावर तसं छापलंय. माजी विद्यार्थ्यांनी आपापली पारितोषिकप्राप्त चित्रं मांडायला आणावीत, अशी नम्र विनंती आहे.

म्हणून परवा आईचं चित्र भिंतीवरून उतरवलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा फोटो असा नाही. कुणाच्या तरी लग्नातला एक आहे, त्यात तिने पदर पुढे ओढलाय. चित्रावरची धूळ झटकली आणि काय मनात आलं कोण जाणे, चिंधी घेतली, टर्पेंटाइन घेतलं, आणि चेहरा पुसायला लागलो. घासलं, पुन्हा घासलं. चिंधीला नुसता धुराचा मळ आला. इतक्या वर्षांचा वाळलेला रंग तो, त्याला टर्पेंटाइन काय करणार? गव्हाळ रंगाची, सरळ नाकाची, कुणाच्या तरी घरची ती बाई माझ्याकडे बघून हसत राहिली.

थोरल्या बहिणीला विचारलं, आईचं गोंदण कुठं होतं गं? ती म्हणाली, "कपाळावर की, कुंकवाच्या खाली." भावाला विचारलं तर तो भांडायलाच उठला, "हनुवटीवर होतं. मला विचार, मी तिच्या मांडीवर वाढलोय." दोघेही छातीठोकपणे सांगत होते. दोघांच्या घरी माझ्याच चित्राचे फोटो लावलेत.

काल कागद घेऊन बसलो. आधी शिकलगार चाचांचा उजवा डोळा काढला. पांढरा पडदा, ओढलेली पापणी, कोपऱ्यात गोळा झालेल्या सुरकुत्या. पहिल्या फटक्यात जमला, कुठे खोडावं लागलं नाही. मग शेजारी आईचा चेहरा काढायला घेतला. कपाळ काढलं, बसकं नाक काढलं, हनुवटी काढली. बाहेरून गुऱ्हाळाचा वास येत होता. पेन्सिल कपाळावर नेली, खाली हनुवटीवर आणली, परत वर नेली. गोंदण कुठे टेकवायचं, ते काही केल्या आठवेना.